एक वाफा फवारणीविना ठेवा

प्रति,
कोकणात भाजीपाल्यावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ, कृषी खात्याचे अधिकारी आणि बियाणे वाटपाच्या योजना आखणारे सर्वजण यांस

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. भातकापणी झाली की खालच्या मळ्यात वाफे पाडून तांबडी भाजी (म्हणजे लाल माठ) आणि मुळा करते, कडेला वाली चढवते, आणि न्हाणीच्या पाण्यावर बारमाही अळू ठेवते. जुड्या बांधून आठवडा बाजाराला नेते. लग्नाआधी कृषी पदविका केली होती. तिची नोकरी काही झाली नाही, पण पानाला भोक दिसलं की ते कोणी पाडलं हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय मात्र तिनेच लावली. माझी पुतणी कीटकशास्त्रात एम.एस्सी. करते. सुट्टीला आली की आम्ही दोघी वाफ्यात उकिडव्या बसून पानं उलटी करकरून बघतो. या पत्रातलं शास्त्र बरंचसं तिच्याकडून समजून घेतलेलं आहे. मळ्यातलं माझं.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. पालेभाजीचं कुठलंही वाण तपासताना, किंवा शेतकऱ्याच्या शेतावर प्रात्यक्षिक लावताना, त्यातला एक वाफा काहीही न फवारता ठेवा. त्या वाफ्यात किडीने काय केलं ते मोजा, लिहा, आणि बियाण्याबरोबर आम्हाला सांगा.

ही मागणी कुठून आली ते सांगते. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात मला एका योजनेतून लाल माठाच्या बियाण्याचं पाकीट मिळालं. मी ते एका वाफ्यात पेरलं आणि शेजारच्या वाफ्यात घरचं गावठी बी. मध्ये फक्त एक सरी. शेण तेच, राख तीच, पाणी एकाच कळशीने. पाकिटातली भाजी आधी उसळली. पानं रुंद, मऊ, रंग असा की चालत्या माणसाने थांबून विचारावं. गावठी त्यामानाने बारीक पानाची, देठ जरा राठ.

अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी सकाळी पाणी घालायला गेले तर पाकिटाच्या वाफ्यात शेंड्याची पानं दुमडलेली दिसली. एक पान उलगडलं. दोन्ही कडा पांढऱ्या तंतूंनी एकमेकींना शिवल्यासारख्या, आत काळी बारीक लेंडं, आणि हात लागताच वळवळत धाग्यावरून खाली सुटणारी हिरवी अळी, अंगावर दोन पांढुरक्या रेघा. पानाचा हिरवा भाग खरवडून टाकलेला आणि वरचा पापुद्रा काचेच्या तावदानासारखा उरलेला. माठ करणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओळखीची ही जाळं करणारी अळी. मी दोन्ही वाफ्यांतली वीस-वीस रोपं मोजली. पाकिटाच्या वाफ्यात चौदा रोपांवर जाळं होतं, गावठीत पाच. गावठीतल्या त्या पाचांवरच्या अळ्यासुद्धा आकाराने लहान होत्या.

एका मळ्यातली, एका हिवाळ्यातली ही गोष्ट आहे, आणि वीस रोपांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. कदाचित पाकिटाचा वाफा बांधावरच्या काटेमाठाच्या जवळ होता म्हणून तिथे पतंग आधी उतरले असतील. म्हणूनच तर तुम्हाला लिहिते आहे. माझ्याकडे दोन वाफे आहेत. तुमच्याकडे प्रक्षेत्रं आहेत, मोजायला विद्यार्थी आहेत, गणित करायला माणसं आहेत.

त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या वाडीत याच वाणाचं प्रात्यक्षिक होतं. फलक लावलेला, वाफे आखीव, आणि दर आठ दिवसांनी वेळापत्रकाप्रमाणे फवारणी. काढणीच्या दिवशी आम्हा बायकांना बोलावून भाजी दाखवली. भाजी खरोखर सुंदर होती. तक्त्यात उगवण, उंची, पानांचा रंग, काढणीचे दिवस आणि उत्पादन अशी रकान्यांची रांग होती. किडीचा रकाना नव्हता. माहिती देणाऱ्या साहेबांना मी विचारलं, फवारलं नसतं तर ही भाजी कशी दिसली असती? ते प्रामाणिकपणे म्हणाले, "ते आम्ही बघितलंच नाही, ताई." त्यांचा यात दोष नाही. त्यांच्या कागदावर जे विचारलेलं होतं ते त्यांनी भरलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून वर्षभर गेलं नाही.

कारण सगळ्या वाफ्यांवर औषध मारलं की जे रोप स्वतःच्या बळावर उभं राहणार होतं ते आणि जे दोन दिवसांत झोपणार होतं ते, दोन्ही सारखीच दिसतात. मग निवड होते ती रंगाची, वजनाची आणि लवकर वाढण्याची. किडीला तोंड देण्याचा गुण निवडीतून गळतो आणि तो गळला हे कोणाला कळतही नाही.

झाडाला हा गुण असतो का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. कीड लागते म्हणजे लागतेच, असा सगळ्यांचा समज. खरं तर या विषयाचा पाया घालून सत्तर वर्षं उलटली. अमेरिकेतल्या कॅन्ससचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली झाडाच्या प्रतिकाराचे तीन प्रकार मांडले. काही झाडं किडीला मुळात आवडतच नाहीत, ती तिथे अंडी घालायला बसत नाही. काही झाडांवर ती बसते, खाते, पण तिची वाढ खुंटते किंवा ती मरते. आणि काही झाडं कीड खाऊ देतात, पण पुन्हा फुटून येतात. पुतणीने हे तीन प्रकार सांगितले तेव्हा मला तिन्हींची उदाहरणं माझ्या परड्यातच दिसली.

अळूच बघा. सकाळी दव पडलेलं असताना अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गडगडतो. 'अळवावरचं पाणी' ही म्हण ज्याच्यावरून पडली ते त्या पानावरचं मेण आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे. तेच पान चिरायला घेतलं की आपण हाताला खोबरेल लावतो, आणि फदफद्यात आमसूल किंवा चिंच टाकल्याशिवाय ते कोणी खात नाही, कारण घसा खवखवतो. ही खाज म्हणजे पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जुडीसारख्या बांधलेल्या दिसतात. जपानी संशोधकांनी २०१४ साली किवी फळातून अशाच सुया काढून अळ्यांवर प्रयोग केले. नुसत्या सुयांनी अळ्यांना फारसं काही झालं नाही. प्रथिनं पचवणारं द्रव्य थोडं दिलं, त्यानेही फारसं काही झालं नाही. दोन्ही एकत्र दिलं तेव्हा मात्र अळ्या मेल्या. सुया भोकं पाडतात आणि त्या भोकांतून द्रव्य आत शिरतं. आमच्या सासूबाई काळ्या देठाचं अळू आणि पांढऱ्या देठाचं अळू वेगळं लावायच्या, वडीला कुठलं, फदफद्याला कुठलं हे ठरलेलं, आणि जास्त खाजरं असलेलं कुंपणापाशी. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं.

तरीही अळूला कीड लागत नाही असं नाही. तंबाखूवरची पानं खाणारी अळी आमच्या अळवावर दरवर्षी येते. पतंगाची मादी पानाच्या पाठीला अंड्यांचा पुंजका घालते आणि वर स्वतःच्या अंगाची तपकिरी लव चिकटवते. पिल्लं घोळक्याने खातात आणि दोन दिवसांत पानाची चाळण होते. ते एक पान खुडून चुलीत टाकलं की काम संपतं. ज्याला रोज सकाळी परडं फिरायची सवय आहे त्याला अळवावर औषध मारावं लागत नाही.

मुळ्याचं निराळं. मुळा किसताना नाकात झिणझिण्या येतात, तो तिखटपणा मुळ्यात तयार स्थितीत नसतोच. मोहरीच्या कुळातल्या सगळ्या भाज्यांत एक गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात आणि त्याला फोडणारं दुसरं द्रव्य दुसऱ्या कप्प्यात ठेवलेलं असतं. दात लागला, किसणी लागली किंवा अळीने चावा घेतला की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट तयार होतं. बहुतेक किडे तिथूनच परत फिरतात. पण कोबी-मुळ्यावर येणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग याला पुरून उरला. त्याच्या अळीच्या पोटात असं विकर आहे की ते तिखट तयार होण्याआधीच ते द्रव्य निकामी करतं. इतकंच काय, मादी अंडी घालायला जागा शोधते ती याच कुळाच्या वासावरून. झाडाने पहारेकरी ठेवला आणि चोराने त्याच्याशीच ओळख काढली. अशा किडीसाठी तिखटपणा वाढवून उपयोग नाही, दुसरा गुण शोधावा लागतो. कोबीत तो सापडलाही आहे. ज्या कोबीच्या पानावर नेहमीचा पांढुरका मेणाचा थर कमी असतो आणि पान चकचकीत दिसतं, त्यावर या पतंगाच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या एका जागी बसून खात नाहीत, नुसत्या फिरत राहतात आणि उपासाने किंवा दुसऱ्या किड्यांच्या तोंडी पडून मरतात. पानाची चकाकी हा गुण कोणाच्या तक्त्यात येतो का? बाजारात तर चकचकीत कोबी बघून गिऱ्हाईक विचारतं, याला काही लावलंय का.

विलायती पालकात कीटकांच्या कात टाकण्याच्या संप्रेरकासारखं द्रव्य असतं. ज्या किड्याला त्याची सवय नाही त्याच्या पोटात ते गेलं की त्याचं कात टाकण्याचं वेळापत्रक बिघडतं. त्या पालकाच्या मुळांना किड्याने इजा केली की मुळांत ते द्रव्य वाढतं. आपल्या बाजारात मिळणारा देशी पालक हा बीटाच्या जातीचा, त्याच्याबद्दल मी हे म्हणत नाही. दोन्हींना आपण पालकच म्हणतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पहिल्या पावसात उगवणारा टाकळा हे तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण. पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याची पानं खातात, आपणही कोवळा पाला खुडून नेतो, तरी आठ दिवसांनी टाकळा होता तिथे आहेच. माठातही काही रोपं खुडली की चार बाजूंनी फुटवे देतात, काही मान टाकतात. हा फरक फवारलेल्या वाफ्यातसुद्धा दिसतो, तो तरी लिहायला काय हरकत आहे?

माठापुरतं बोलायचं तर कामाला सुरुवात झालेली आहे. नैरोबीच्या इसिपे या कीटक संशोधन केंद्राने नेमक्या याच जाळं करणाऱ्या अळीपुढे माठाचे निरनिराळे वाण ठेवून बघितले आणि वाणावाणांत फरक आहे, काही वाणांवर अळी नीट वाढत नाही, असं त्यांना दिसलं. माठ आफ्रिकेतही गरिबाची भाजी आहे, आपल्याकडेही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण दुरंगी हा माठ आणि कोकण हरितपर्णी हे अळू आपल्याला दिलं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून निघालेल्या काजूच्या जाती आमच्या डोंगरांवर दारोदार लागल्या आहेत. तेव्हा पालेभाजीसाठीही हे काम इथेच होऊ शकतं, याबद्दल मला शंका नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. माठाचं खरं शत्रुत्व जाळ्याच्या अळीपेक्षा खोडभुंग्याशी आहे, आणि तो बाजारातल्या भाजीत कधी दिसत नाही. पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी भाजी उपटली जाते, तोवर भुंग्याचं काम नुकतं सुरू झालेलं असतं. राखाडी रंगाचा हा सोंडेचा भुंगा खोडात भोक पाडून अंडं घालतो, अळी आतून खोड पोखरते, खोडावर गाठ येते आणि मोठं झालेलं रोप वाऱ्याच्या झोताने तिथेच मोडतं. म्हणजे हा भुंगा भेटतो तो बियाण्यासाठी राखलेल्या रोपाला. तीन-साडेतीन महिने जे रोप वाफ्यात उभं राहतं, तुरे धरतं आणि बी पिकेपर्यंत मोडत नाही, त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरलं जातं. आमच्या सासूबाईंनी पन्नासेक वर्षं हेच केलं. वाफ्याच्या मधल्या रोपांतून त्या आठ-दहा निवडायच्या, खालपासून वरपर्यंत पान शाबूत असलेली, आणि जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. चिंधीच्या रोपाचं पान घरातल्या लेकरानेही खुडायचं नाही. "किडीन खाल्लेल्या झाडाचा बी धरूचा नाय," एवढंच त्यांचं शास्त्र. मोडलेलं रोप आपोआप बाद. तुरे झोडून बी राखेत घोळवून भोपळ्याच्या कवटीत भरायचं आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचं.

आता विचार करा, पन्नास वर्षं दरवर्षी खोडभुंग्याच्या परीक्षेत पास झालेल्या रोपांचंच बी पुढे आलं असेल तर त्या बियाण्यात काहीतरी साठलं असणार. मी गेल्या वर्षी पाकिटाचीही आठ रोपं बियाण्याला राखून बघितली. पाच मोडली. गावठी आठांतली दोन. शेवटी सगळी खोडं कोयत्याने उभी चिरली, तर न मोडलेल्या गावठी रोपांतही बोगदे होते, पण अरुंद, आणि भोवतीचं लाकूड घट्ट. ती रोपं भुंग्याला आत घेऊनही उभी राहिली होती. हे माझ्या हातात होतं, डोळ्यांसमोर होतं, आणि हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना.

अशा कवट्या आणि बाटल्या वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत किती घरांच्या माळ्यावर आहेत ते कोणी मोजलेलं नाही, आणि दरवर्षी त्या कमी होताहेत. म्हातारी गेली की पुढच्या पावसाळ्यात त्या बियाण्याला बुरशी येते, आणि सून दुकानातून पाकीट आणते. माझ्या ओळखीच्या तीन घरांत असं झालं. बी परत कुठून आणायचं? दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत चार लाखांहून अधिक नमुने आहेत, अकोल्याला तिच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. आमच्या तांबड्या भाजीची चार घरांची चार बियाणी तिथे पोचवणं हे आमच्यासारखीच्या हातचं काम नाही, तुमच्यासाठी ते एका पत्राचं काम आहे. बी गोळा करताना ते कोणाच्या परड्यातलं, किती वर्षांचं, रोप कसं निवडतात हे त्या बाईच्या तोंडून लिहून घ्या. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्काच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, देण्याघेण्याचा, आणि शिक्का न मारता विकण्याचाही हक्क दिला आहे, शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करण्याचीही सोय आहे. ती माहिती आमच्या बचत गटाच्या बैठकीत आजवर कोणी दिली नाही.

एक धोका मलाही दिसतो. प्रतिकाराचा एकच गुण हेरून, तो एकाच वाणात भरून, ते एकच वाण सगळीकडे पेरलं तर कीड त्यावर तोड काढते. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ साली तपकिरी तुडतुड्याला दाद न देणारं आय. आर. २६ हे भात काढलं. एकाच जनुकाच्या जोरावर उभं होतं ते. थोड्याच वर्षांत तुडतुड्याने ते खायला शिकून घेतलं. युरोपात लेट्यूसच्या पाल्यावर येणाऱ्या माव्याला रोखणारा एक गुण रानटी भाईबंदाकडून आणला होता, त्यालाही २००७ च्या सुमारास मावा पुरून उरला. म्हणून मी एका जादूच्या वाणाची मागणी करत नाही. गावठी बियाण्यात सगळी रोपं एकसारखी नसतात, उंची-रंगात फरक असतो, त्याला तुमच्या भाषेत भेसळ म्हणतात. मला वाटतं किडीच्या दृष्टीने ती भेसळच कटकटीची आहे. माझं हे वाटणं तपासून बघा.

दुसरी अडचण चवीची. जे अळीला नको तेच पुष्कळदा आपल्या जिभेलाही नको असतं. खाज, कडवटपणा, राठ देठ. सगळा प्रतिकार हवा म्हणून रानातला काटेमाठ कोणी वाफ्यात लावणार नाही. पण आमच्या गावठी तांबड्या भाजीला कांदा आणि ओलं खोबरं घातलं की घरातली पोरं दोनदा मागून घेतात. म्हणजे चव आणि टिकाव दोन्ही एका रोपात राहू शकतात, ते निवडणाऱ्याच्या डोळ्यावर आहे.

आणि खताचं. युरियाची मूठ पडली की पान दोन दिवसांत गर्द आणि लुसलुशीत होतं, आणि माव्यालाही तेच हवं असतं. चांगलं बी देऊन त्यावर युरियाचा भडिमार करायला शिकवलं तर बियाण्याला नाव ठेवण्यात अर्थ नाही. चाचणीच्या वाफ्याला आमच्यासारखंच शेणखत घाला.

फवारणीविरुद्ध मोहीम काढायला मी हे लिहीत नाही. भाताला मी औषध मारलेलं आहे, वेळ आली तर पुन्हा मारीन. पण पालेभाजीचं गणितच वेगळं आहे. पंचवीस-तीस दिवसांचं पीक, आणि आपण पान खातो तेच पान फवारलं जातं. साल काढायची सोय नाही. औषध मारल्यापासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस बाटलीवर लिहिलेले असतात, पण अळी बाजाराच्या आदल्या दिवशी दिसली तर माणूस काय करतो ते आपण सगळे जाणतो. भाज्यांवर वापरायला कित्येक वर्षं बंदी असलेलं औषधही मी लोकांच्या पडवीत बघितलं आहे. ज्या बाईला आज संध्याकाळी जुड्या बांधून उद्या दोनशे रुपये घरी आणायचे आहेत, तिला प्रतीक्षेचे दिवस सांगून भागणार नाही. तिच्या हातात असं बी पाहिजे की बाजाराच्या आदल्या दिवशी पंप काढायची वेळच येणार नाही.

फवारणी टळली की आणखी एक मदत मिळते. अळीने पान कुरतडलं की झाड एक वास सोडतं, आणि त्या वासावर अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक परजीवी गांधीलमाश्या अळीचा माग काढत येतात, हे आता चांगलं माहीत झालेलं आहे. माझ्या न फवारलेल्या वाफ्यात मी जाळं उलगडलं तेव्हा एका सुकलेल्या अळीच्या शेजारी कण्यांएवढे पांढरे कोश चिकटलेले होते. पुतणीने ते काचेच्या बरणीत ठेवले, वर फडकं बांधलं. पाचव्या दिवशी त्यातून मुंगीपेक्षा लहान काळ्या माश्या बाहेर पडल्या. आम्ही बरणी वाफ्यात नेऊन उघडली.

तेव्हा तुम्ही काय करावं ते पुन्हा नीट सांगते. प्रत्येक प्रात्यक्षिकात एक वाफा, तीन हात रुंद आणि दहा हात लांब एवढाच, फवारणीविना. त्याच्या शेजारी त्या गावातल्या एखाद्या बाईचं गावठी बी, तसंच फवारणीविना. दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या दिवशी वीस-वीस रोपं मोजायची, किती पानांना भोकं, किती शेंड्यांना जाळं. मग दहा रोपं बियाण्याला राखून किती मोडतात ते बघायचं. आणि तो वाफा किडीने पुरा खाल्ला तर त्या शेतकऱ्याचं नुकसान होतं, म्हणून त्या वाफ्याच्या भाजीची किंमत तिला पेरणीच्या दिवशीच हातात द्या. हे शेवटचं विसरू नका. नाहीतर रात्री कोणीतरी पंप घेऊन जाईल आणि तुमचा आकडा खोटा होईल.

जे निघेल ते पाकिटावर छापा. 'जाळ्याच्या अळीला मध्यम बळी पडते, खोडभुंग्याला टिकते', एवढं एका ओळीत मावतं. भाताच्या वाणाबद्दल कडाकरप्याला कसं, तुडतुड्याला कसं हे तुम्ही सांगता, ते वाचूनच आम्ही भात निवडतो. भाजीवालीलाही तेवढंच द्या.

यंदा मी नऊ रोपांना चिंध्या बांधल्या आहेत. सासूबाईंचं लुगडं संपलं, या चिंध्या माझ्या साडीच्या आहेत. आज त्यांतली आठ उभी आहेत, तुरे निघालेत. एक परवा मोडलं, ते खोड मी सावलीत सुकवून ठेवलं आहे, आत अळी होती. महाशिवरात्रीच्या सुमाराला तुरे झोडीन. त्याआधी तुमच्यापैकी कोणी आलं तर रोपं उभी असताना बघायला मिळतील, आणि मोडलेलं खोडही दाखवीन. नंतर आलात तरी बी आहे. ओंजळभर नमुन्यासाठी बाजूला काढून ठेवते, राखेसकट. बरोबर कागद आणा, कारण कुठलं बी कोणाकडून आलं ते सांगायला मला अर्धा तास लागेल आणि ते सगळं लिहून घ्यावं लागेल.

आपली,
तांबडी भाजी करणारी एक शेतकरीण
तालुका वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग